दारात बांधलेला बोकड

चुडावा स्टेशनपासून तीन किलोमीटरवर आमचे गाव. बुधवारी सकाळी शेळ्यामेंढ्या राखणाऱ्या बिरूचा लाल बोकड नाहीसा झाला आणि दुपारी तो बन्सीधरच्या दारात लिंबाला बांधलेला आढळला. कानाला बिरूने स्वतः पाडलेली खाच होती. कळपात पैदाशीचा तेवढा एकच बोकड, त्यामुळे बिरू रडकुंडीला आला होता. त्यात रविवारी बन्सीधरकडे कंदुरी, म्हणजे गावाला मटणाचे जेवण. बन्सीधरच्या दारासमोरच तंटामुक्त समितीची तातडीची बैठक बोलावण्यात आली. मी समितीचा सचिव.

अध्यक्ष किशनराव पाच वर्षांपासून मोबाईलवर फक्त गुप्तहेरांचे चित्रपट पाहतात. त्यामुळे गावाला तपासाची शास्त्रशुद्ध पद्धत लाभली आहे.

"मालक, त्यो काय माझा बोकड. समोर कडबा खायलाय," बिरू म्हणाला.

किशनराव दयेने हसले. "पहिल्या अर्ध्या तासात ज्याच्यावर संशय येतो ना बिरू, त्यो चोर कधीच नसतो."

"मग बोकड त्याच्या दारात कसा?"

"कुणीतरी बांधला. बन्सीधरला अडकवायला. लय जुनी चाल हाय ही."

आपल्याला अडकवले जात आहे हे ऐकून बन्सीधरचेही डोळे भरून आले. पुराव्याला हात लावायचा नसतो, म्हणून बोकड आहे तिथेच ठेवण्याचा ठराव झाला.

मग संशयितांची यादी केली. सर्वांत वर सत्तरी ओलांडलेल्या धुरपताबाई, कारण त्यांच्यावर आजवर कोणीही संशय घेतला नव्हता.

"आरं किशन, मला ताटातली डाळ दिसना. गुडघं तर उंबऱ्याभाईर न्हेत न्हाईत," त्या म्हणाल्या.

अध्यक्षांनी मला लिहून घ्यायला सांगितले : 'गुडघे संशयास्पद.'

गावात घबराट पसरली. सज्जनपणा अंगाशी येऊ लागला. तीस वर्षे निष्कलंक राहिलेल्या परमेश्वर गुरुजींनी भरदिवसा दुसऱ्याच्या शेतातली चार कणसे तोडली, साक्षीदारांना दाखवली, आणि यादीतून नाव कमी करून घेतले.

शुक्रवारी बन्सीधरच वैतागून समितीपुढे आला. "आवो, मीच नेला. कंदुरीला बोकड पायजे होता."

किशनरावांना गहिवरून आले. त्यांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "खरं सांग, कुणाला वाचवायलायस?"

बिरूने अध्यक्षांचे पाय धरले. "मालक, परवा कापतेत ओ त्याला!"

"तपासात घाई चालत न्हाई," किशनराव म्हणाले.

रविवारी कंदुरी झाली. समितीला खास आवतण होते. रस्सा झणझणीत होता. बिरू पंगतीला बसला नाही. उकिरड्यावरून त्याने खाच पाडलेला कान उचलून आणला आणि अध्यक्षांच्या पत्रावळीशेजारी ठेवला. मला फार वाईट वाटले. मी तिसऱ्यांदा रस्सा घेतला नाही.

किशनराव कानाकडे नव्हे, बिरूकडे पाहत होते. "बोकड कुठं हाय, कुणी नेला, कवा कापणार... ह्याला पहिल्या दिवसापासून सगळं कसं काय माहीत?"

हात धुण्याआधीच ठराव एकमताने मंजूर झाला. बिरूची चौकशी अद्याप सुरू आहे.

वाचकहो, चोर बन्सीधरच होता. त्याने तोंडाने कबूल केल्यावरही, खरा चोर दुसराच कोणी निघेल म्हणून तुम्ही इथपर्यंत थांबलात ना? समितीत एक जागा रिकामी आहे. अर्ज माझ्याकडे द्यावा.