चुंबक चिकटेना

गाडी सासऱ्यांची होती आणि पोचा जावयाने पाडला होता. गाडी मागे घेताना बायको "ये, ये, अजून ये" म्हणत होती, आणि तो येत राहिला. इमारतीच्या फाटकाच्या खांबाला काहीच झालं नाही. मागचं डावं दार मात्र चांगलंच आत गेलं.

लग्नानंतर सासऱ्यांनी पहिल्यांदाच किल्ली हातात दिली होती. तीही "माझ्या गाडीला नखाचा ओरखडा नाही, लक्षात असू द्या," असं बजावून. ते परवा परगावाहून येणार होते. पोचा दिसला असता तर किल्ली कायमची गेली असती आणि टोमणे कायमचे राहिले असते.

"चांगला डेंटिंगवाला शोध," बायको म्हणाली. "आणि बाबांनी विचारलं तर मी तिथे नव्हते."

जावई शाळेत विज्ञान शिकवायचा. त्यामुळे चार जणांना विचारून मोकळं होणं त्याच्या स्वभावात नव्हतं. चांगली दुरुस्ती ती, जी दिसत नाही. मग न दिसणारी वस्तू शोधायची कशी? लोहचुंबक पत्र्याला चिकटतं, पोचा बुजवायला भरलेल्या जाड पुट्टीला चिकटत नाही. म्हणजे जिथे डोळ्यांना काही दिसत नाही, पण चुंबक घसरतं, त्या गाडीच्या मालकाला खरा कारागीर ठाऊक! फ्रिजवरचं चुंबक काढून सर खाली पार्किंगमध्ये उतरले.

तळमजल्यावरचे वकील एका गिऱ्हाइकाला आपली विकायला काढलेली गाडी दाखवत होते. "साधा धक्कासुद्धा लागलेला नाही," ते सांगत होते. एवढ्यात सरांनी मागून चुंबक लावलं. ते घसरून थेट गिऱ्हाइकाच्या पायाशी पडलं. गिऱ्हाइकाने ते उचललं, स्वतः दोन-तीन ठिकाणी लावून पाहिलं आणि "घरी विचारून कळवतो" म्हणत काढता पाय घेतला.

"सर, हा काय चावटपणा आहे?"

"वकीलसाहेब, अप्रतिम काम आहे हो! कुणाकडे केलंत?"

"कसलं काम? गाडीला अपघातच झाला नाही, तर काम कुठून होणार? कोर्टातही मी हेच सांगेन!"

सरांच्या लक्षात आलं, की ज्यांना पत्ता माहीत आहे, त्यांच्या तोंडाला कुलूप आहे. हिरमुसून ते सासऱ्यांच्या गाडीपाशी आले आणि नुसता चाळा म्हणून चुंबक पुढच्या दाराला लावलं.

ते घसरलं.

त्यांनी पुन्हा लावलं. पुन्हा घसरलं. वाकून पाहिलं, बोट फिरवलं, तिरकी मान करून उजेडात बघितलं. कुठे शिवण नाही, रंगात फरक नाही. सरांना इतका आनंद झाला, की आपण कोणाच्या दारावर हात फिरवतोय याचा क्षणभर विसरच पडला.

तेवढ्यात फोन वाजला. सासरेच होते.

"जावईबापू, गाडी ठीक आहे ना?"

"उत्तम आहे बाबा. फक्त पुढच्या दाराला चुंबक चिकटत नाही."

पलीकडे खोलीचं दार लावल्याचा आवाज आला.

"हे तुमच्या सासूबाईंजवळ बोलला नाहीत ना?" सासरे कुजबुजले.

"छे! मला फक्त पत्ता हवा होता."

"कुठलं दार?"

"मागचं. डावं."

"तुमच्या फाटकाचा खांब?"

"हो."

"तो खांबच मेला वाईट आहे," सासरे कळवळून म्हणाले. "पत्ता पाठवतो. तिथे माझं नाव सांगा. मला सगळे ओळखतात."