गादीच्या जाहिरातीची तीट

क्लायंटला वळणावर कसं आणावं, हे माझ्याकडून शिकावं. छाती ठोकून सांगते. आमच्या धंद्यात, म्हणजे जाहिराती कापण्या-जोडण्याच्या धंद्यात, भले भले एडिटर क्लायंटपुढे नांगी टाकतात. मी कधी टाकली नाही. कारण माझ्याकडे तीट होती.

तान्ह्या बाळाला लावतात तीच. बाळ सुरेख असलं की गालावर काजळाचा ठिपका लावायचा. बघणाऱ्याची नजर तिथे अडकते आणि बाळ वाचतं. जाहिरातीचं तसंच आहे. चांगलं काम समोर आलं की मालक मंडळी अस्वस्थ होतात. काहीतरी बदलायला सांगितलं नाही तर आपण मालक कसले, असं त्यांना वाटतं. मग नेमकं सगळ्यात चांगल्या जागेवर बोट ठेवतात. म्हणून आपणच एक ढळढळीत चूक करून ठेवायची. कंपनीचं चिन्ह जरा तिरकं, नाहीतर एखादा शॉट कावीळ झाल्यासारखा पिवळा. मालक बरोबर तेवढीच पकडतो, "हे काढा" म्हणतो, आणि गड जिंकल्यासारखा घरी जातो. बाकीचं काम शाबूत!

ही विद्या मला कुणी शिकवली नाही. मला कुणी काहीच शिकवलं नाही. फुकटचे धडे बघून आणि दुसऱ्यांच्या जाहिराती मागेपुढे करकरून, स्वयंपाकघराला लागून असलेल्या अडगळीच्या खोलीत मी हे काम शिकले. मोठमोठ्या संस्थांतून बाहेर पडलेले लोक विचारतात, तुम्ही कुठून? मी सांगते, अडगळीतून. मग ते पुढचं विचारत नाहीत. सुरुवातीला लोकांची लग्नं जोडली. व्हिडिओत जोडली; प्रत्यक्षात त्यातली काही मी जोडत असतानाच तुटत होती. एका जोडप्याचं तर माझं काम पुरं होईपर्यंत बोलणंच बंद झालेलं. तरी दोघांनाही व्हिडिओ हवा होता. फक्त एकमेकांचे मामा वगळून.

घरी या सगळ्या मेहनतीला एकच नाव होतं, सासूबाईंनी दिलेलं. सूनबाई काय करते, असं कुणी विचारलं की त्या सांगायच्या, "व्हिडिओ बघते." आणि एक सुस्कारा. ऐकणारी बाई माझ्याकडे अशी बघायची, जणू मला एखाद्या चांगल्या डॉक्टरला दाखवायला हवं. मी चिडायचे. दात ओठ खायचे. एकदा त्यांना शेजारी बसवून समजावून सांगितलं, की आई, हे काम म्हणजे काय ठेवायचं आणि काय टाकायचं हे ठरवणं. त्या म्हणाल्या, भाजी निवडताना मीही तेच करते, पण मी त्यासाठी दार लावून घेत नाही.

सासूबाईंचं स्वतःचं ब्रीद वेगळं होतं. त्या दुपारी झोपत नसत. दुपारी आडवी होणारी बाई घर आडवं करते, हे त्यांचं वाक्य अख्ख्या इमारतीला पाठ. पाळण्यातली मुलं सोडली तर त्यांच्या तावडीतून दुपारची झोप घेऊन कुणी सुटलेलं नव्हतं. आणि एका दुपारी माझं कामाचं पार्सल दारावरून परत गेलं. बेल वाजलीच नाही, मी टक्क जागी होते, असं त्यांनी शपथेवर सांगितलं. मी दबा धरला. थोड्याच दिवसांत सापडल्या. बाल्कनीतल्या प्लास्टिकच्या खुर्चीत, चष्मा कपाळावर, तोंड उघडं, मांडीवर वाटाण्याच्या शेंगांचं ताट, चिमटीत अर्धी सोललेली शेंग. आणि घोरणं असं, की वरच्या तारेवरचा कावळा मान वाकडी करून ऐकत होता. मी फोनवर सगळं टिपलं आणि एखाद्या मोठ्या भांडणासाठी जपून ठेवलं.

मग गादीची जाहिरात आली.

दिली ती एजन्सीच्या मालकाने. त्याला सगळे दादा म्हणतात. दादाच्या अंगात सतत काळा शर्ट आणि तोंडात सतत 'व्हिजन'. काम झालेलं बघायचा त्याला कंटाळा. श्रेय घ्यायला मात्र तो वेळेवर हजर. त्याने मला बोलावून सरळ सांगितलं की एडिटरची कायमची खुर्ची रिकामी आहे. गादीशेठने जाहिरात पहिल्याच बैठकीत मान्य केली तर खुर्ची तुझी. नाहीतर आहेतच तुझी लग्नं. गादीशेठ म्हणजे गाद्यांच्या कारखान्याचे मालक. एडिटर खाऊन ढेकरही न देणारा माणूस अशी त्यांची ख्याती होती.

चित्रीकरण बघितलं. पांढरी चादर, पांढरे पडदे, पांढरं जोडपं. तरुणी झोपेत हसतेय. झोपेत असं कोण हसतं? आमच्या घरात झोपेत कुणी हसलं तर आम्ही उठवून पाणी पाजू. पण मी जीव ओतून कापलं. पडद्याची झुळूक आणि गाण्याची सम अशी बसवली की स्वतःवरच खूश झाले. आता तीट. शेठसारख्या पहाडाला तिरकं चिन्ह कुठून पुरणार? तिथे ठिपका नको, डांबराचा पट्टा हवा. मला बाल्कनी आठवली. त्या पांढऱ्याशुभ्र जाहिरातीच्या बरोबर मधोमध मी सासूबाई बसवल्या. घोरण्यासकट. हे काढा असं न म्हणणारा माणूस जगात जन्माला यायचा होता.

बैठकीच्या खोलीत मोठा पडदा, मोठे स्पीकर. दिवे मालवले. झुळूक आली, तरुणी हसली, आणि मग सासूबाईंचं घोरणं खोलीच्या चारी कोपऱ्यांतून आलं. टेबलावरचे पेले थरथरले. दादाने माझ्याकडे असं बघितलं की जणू मी त्याच्या एजन्सीला आग लावली. मी मात्र शांत. ओठांवर वाक्य तयार होतं: चुकून आलंय, आत्ता काढते.

शेठनी परत लावायला सांगितलं. बघितलं. मग परत एकदा.

"बाकीचं काढा," शेठ म्हणाले.

मला कळलंच नाही. दादालाही नाही. शेठनी खुर्ची माझ्याकडे वळवली. "मी आयुष्यभर गाद्या विकतोय, बाई. माझ्या एकाही जाहिरातीत आजवर कुणी झोपलेलं मी पाहिलं नव्हतं. सगळे नुसते डोळे मिटून पडलेले असतात. ही बाई झोपलीय. प्लास्टिकच्या खुर्चीत! हिला माझी गादी दिली तर काय होईल? बस. एवढीच जाहिरात."

दादा ताडकन उभा राहिला. आपल्याला हा कच्चा, खराखुरा अनुभवच हवा होता, टीमशी बोलताना आपली पहिल्यापासून हीच व्हिजन होती, वगैरे. तो बोलत राहिला आणि माझ्या डोक्यात तिडीक गेली. पडद्याची ती झुळूक मारली गेली होती, सम मारली गेली होती, आणि उरलं होतं तेही हा माणूस खिशात घालत होता.

"व्हिजन वगैरे काही नव्हती," मी म्हणाले. "चूक होती. आणि ती चूक माझी आहे, दादांची नाही."

अख्ख्या कारकिर्दीत मी एवढ्या हिरिरीने एखाद्या चुकीसाठी भांडले नव्हते. शेठनी एकदा दादाकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे, आणि एवढंच विचारलं की या झोपलेल्या बाई कोण. मी सांगितलं. मग शेठ म्हणाले, त्यांचा लेखी होकार आणा, उद्या. होकार नाही तर जाहिरात नाही. दादाने मला दारापर्यंत सोडताना पुढचं वाक्य पुरं केलं: आणि खुर्चीही नाही.

घरी येऊन नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, मी हे ऐकलंच नाही असं समज. आणि चपला घालून खाली गेला. तो कशासाठी खाली गेला हे त्याला परत येईपर्यंत ठरवता आलं नव्हतं.

मी अडगळीच्या खोलीत बसून तो तुकडा पुन्हा लावला. आतापर्यंत तो मी पुरावा म्हणून बघितला होता, नाहीतर तीट म्हणून. कापणाऱ्याच्या नजरेने पहिल्यांदाच बघत होते. एकेक चौकट पुढे सरकवत. मधेच त्यांच्या कपाळावरची आठी सुटते. मला वाटायचं ती आठी जन्मजात आहे, नाकासारखी. पण सुटते. मात्र चिमटीतली शेंग शेवटपर्यंत सुटत नाही. कुणी अचानक आलंच, तर लगेच सोलायला लागता यावं म्हणून हात कामावर ठेवून बाकीची बाई झोपली होती. मला कसंनुसं झालं. पण खुर्ची उद्याच ठरणार होती, म्हणून कसंनुसं वाटणं बाजूला ठेवून मी माझ्या जुन्या विद्येकडे वळले.

तीट. सासूबाईही शेवटी क्लायंटच. त्यांना आरडाओरडा करायला एक जागा द्यायची, म्हणजे बाकीचं सुटेल. मी त्या तुकड्यावर 'आमच्या सासूबाई' अशी अक्षरं टाकली. गुलाबी. फुगीर. भोवती चमचमणाऱ्या चांदण्या. लग्नाच्या व्हिडिओतसुद्धा मी कधी इतकी खाली उतरले नव्हते. या अक्षरांवर त्या तुटून पडणार, मी ती मोठ्या मनाने काढणार, आणि त्या गडबडीत सही घेणार.

चहा होईपर्यंत थांबले. मग म्हटलं, आई, जरा एक बघता का. त्या म्हणाल्या, मला काय, तुझ्यासारखा वेळ आहे? आणि बसल्या.

पहिल्यांदा बघून म्हणाल्या, ही मी नाही. दुसऱ्यांदा बघून म्हणाल्या, हा आवाज पंख्याचा आहे. मी म्हटलं, आई, बाल्कनीत पंखा नाही. त्या म्हणाल्या, शेजारच्यांचा असेल. तिसऱ्यांदा मात्र त्यांनी चष्मा नीट केला, आणि शेवटपर्यंत बघितलं. मी अक्षरांवरच्या हल्ल्याची वाट बघत होते.

"तू तिथेच उभी होतीस?"

"हो, आई."

"एवढा वेळ? आणि उठवलं नाहीस?"

मी नाही म्हणून मान हलवली.

"या घरात माझा डोळा लागला आणि कुणी हाक मारली नाही, असं झालंच नाही कधी," त्या म्हणाल्या. "सासूबाई होत्या तेव्हा त्या, मग हे, मग तुझा नवरा. डोळा लागला की कुणाला तरी पाणी हवंच असायचं." मग पडद्याकडे बोट करून हळूच म्हणाल्या, "छान झोपलेय की गं."

मी उठवलं नव्हतं ते पुरावा गोळा करत होते म्हणून, हे सांगायचं माझ्या अगदी जिभेवर आलं होतं. मी फटकळ आहे, सगळे म्हणतात. पण काय ठेवायचं आणि काय टाकायचं, हे ठरवणं हेच तर माझं काम.

मी घाईघाईने होकाराचा कागद पुढे केला. अक्षरं काढते हं, म्हटलं, ती चुकून पडलीत.

"अक्षरं राहतील," सासूबाई म्हणाल्या. "चांदण्यांसकट. नाहीतर सही नाही."

अशी ती जाहिरात लोकांपुढे गेली. प्लास्टिकच्या खुर्चीतली झोप, शेवटी गादी, आणि वर माझी ती गुलाबी फुगीर अक्षरं. मला खुर्ची मिळाली. ती जाहिरात माझ्या नावावर आहे, म्हणजे अक्षरंही माझ्याच नावावर. आजही नवे क्लायंट येतात, माझी पडद्यांची झुळूक बघतात, जांभई देतात आणि विचारतात, ते चांदण्यांचं आम्हालाही करून द्याल का? मी करून देते. तीट लावायची सोडली, हे सांगायला नकोच. शेवटच्या दोनदा लावली, आणि दोन्ही वेळा लोकांनी बाळ टाकून तीट घरी नेली.

इमारतीत थोडा गलका झाला. पण सासूबाई डगमगल्या नाहीत. तो अभिनय होता, असं त्यांनी जाहीर केलं. डोळे मिटून तोंडाने पंख्याचा आवाज काढणं वाटतं तितकं सोपं नाही, म्हणाल्या. आता रोज जेवणं झाली की त्या बाल्कनीतल्या खुर्चीत बसतात. हातात शेंग नसते. बेल वाजली तरी आम्ही दार हळूच उघडतो, आणि आलेल्याला खुणेने सांगतो, की त्यांचा सराव चाललाय.

परवा वरच्या मजल्यावर एक नव्या बाई राहायला आल्या. त्यांनी सासूबाईंना जिन्यात थांबवून चौकशी केली, तुमची सून काय करते म्हणून. मी मागेच होते. कान टवकारले. एडिटर हा शब्द मी सासूबाईंकडून गेला महिनाभर घोकून घेतला होता.

"ती होय?" सासूबाई म्हणाल्या. "ती माझे व्हिडिओ बघते."