हिराकाकूंची चाचणी

१२ फेब्रुवारी १९८८, सकाळी सव्वासात. हिराकाकूंनी एक पांढरी गोळी जिभेवर घोळवली, डोळे मिटले आणि निकाल दिला, "कडू हाय. म्हंजे अजून जिती हाय."

बोईसरजवळ सरावलीच्या एका चाळीत आमच्या खोल्यांची भिंत एकच होती. मी औषध कारखान्याच्या प्रयोगशाळेत, काकू त्याच कारखान्याच्या पॅकिंगमध्ये. मूळच्या चिंचणीच्या, नवरा गेलेला, मूलबाळ नाही. चाळीत कुणाच्याही उरलेल्या गोळ्या त्यांच्या लोणच्याच्या बरणीत जमा होत आणि कुणी कण्हले की बाहेर येत. नियम एकच: "आपन चाखल्याबिगर दुसऱ्याला द्यायचं नाय." बोंबलाच्या चटणीचा हा नियम त्या औषधांनाही लावत. परिणामी रक्तदाबाची गोळी घेऊन त्या नळावर भोवळून पडल्या होत्या, आणि शेजारच्या बाळाचे जंताचे औषध त्यांनी चमचाभर पिऊन 'पास' केले होते.

"काकू, अशी चाचणी नसते," मी म्हणे.

"तुज्या लॅबला उंदीर लागतात, बाय. मला कोन नाय लागत."

ती पांढरी गोळी सल्फाची, लघवीच्या जळजळीवरची. कामातून उठायला नको म्हणून पाणीच न पिणाऱ्या आम्हा सर्व बायकांची ती तक्रार; आदल्या संध्याकाळी मीही ती काकूंपाशी केली होती. मग मी बोईसरच्या डॉक्टरांकडे गेले आणि त्यांनी दुसरे औषध दिले. काकू नेहमीसारखी गोळीची चव पाहत असतील, असे मी समजले.

पूर्वी याच गोळ्यांनी त्यांच्या अंगावर चट्टे उठले होते, हे मला फार उशिरा कळले. "उष्णता भायेर पडली," म्हणून त्यांनी त्या पास केल्या होत्या. या वेळीही चट्टे उठताच त्या खूश झाल्या, "लागू पडतंय!" आणि गोळ्या चालू ठेवल्या. त्यांनी भिंतीवर थाप मारून मला बोलावले, तेव्हा ओठांवर फोड होते, डोळे चिकटले होते आणि पाठीची कातडी पदराबरोबर निघून येत होती.

पालघरच्या दवाखान्यात डॉक्टरांनी विचारले, "लघवीचा त्रास कधीपासून?"

काकूंनी नकारार्थी मान हलवली. त्रास त्यांना नव्हताच.

नर्स एकटी होती, म्हणून ताप मी मोजत होते. थर्मामीटर काढताना फुटलेल्या ओठांतून शब्द आले, "बाय... ती गोली नापास. तू घेव नको."

त्यांच्या केसपेपरवरची शेवटची नोंद माझ्याच अक्षरात आहे: ताप १०४.२.