लायब्ररीचं हाड

"मॉम! तुमच्या कुत्र्यानं मांडी पळवली!"

लोरेन स्वयंपाकघरातून ओरडली तेव्हा तिच्या सासूबाई, बर्नाडीन, पोर्चवरच्या झोपाळ्यात कॉफी पीत बसल्या होत्या. त्यांनी कप काही खाली ठेवला नाही.

"कुणाची मांडी?"

"कॉलेजची! मांडीचं हाड! पेटी टेबलावर उघडी होती, मी नुसती गाडीची किल्ली आणायला आत गेले..."

"जेवायच्या टेबलावर हाड ठेवायचं असतं का गं? तो कुत्रा आहे. त्यानं काय समजायचं?"

मुद्दा बिनतोड होता, म्हणूनच लोरेनच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ती अनवाणी अंगणात धावली. पण हेक्टर कुंपणाखालून केव्हाच पसार झाला होता. पाच मिनिटांनी तो शेपटी हलवत परत आला. नाकाला ओली माती आणि तोंडात काहीही नाही.

"बघ, आला की नाही शहाणा!" बर्नाडीन म्हणाल्या. लोरेन त्यावर जे बोलली ते इथे लिहिण्यासारखं नाही.

हे हाड प्लास्टिकचं असतं तर गोष्ट इथेच संपली असती. पण गावच्या कम्युनिटी कॉलेजची लायब्ररी शरीररचना शिकणाऱ्यांना खऱ्या माणसाची हाडं घरी न्यायला देते. पुस्तकासारखीच, कार्डावर, प्रत्येक हाडाला नंबराची चिकटपट्टी लावून. आणि लायब्ररीची एखादी वस्तू तुमच्या नावावर राहिली, तर कॉलेज तुमचं गुणपत्रक कुठेही पाठवत नाही. हा नियम ज्याने केला त्याच्या घरी कुत्रा नसणार, हे मी छातीठोकपणे सांगतो.

लोरेन तेहेतीस वर्षांची. वृद्धाश्रमात म्हाताऱ्यांना आंघोळ घालायची, उचलून खुर्चीतून पलंगावर न्यायची. तिथे एक फिजिओथेरपिस्ट बाई यायची. जी आजी लोरेनच्या हातून जागची हलत नसे, ती त्या बाईच्या हाताला धरून व्हरांड्यापर्यंत चालत जायची आणि वर हसायची. लोरेनला त्या बाईचा असा काही हेवा वाटला की तिने कॉलेजात नाव घातलं. आधी कम्युनिटी कॉलेज, मग बदली घेऊन राज्याच्या विद्यापीठात, आणि तिथून पुढे फिजिओथेरपी. विद्यापीठाने जागा दिली होती. आता फक्त शेवटचं गुणपत्रक आज, शुक्रवारी, पाचच्या आत तिकडे पोचायला हवं होतं. नाही पोचलं तर जागा दुसऱ्याला. हातातोंडाशी आलेला घास, आणि तो एका केसाळ मूर्खाने तोंडात धरून नेला होता.

लायब्ररीत हेन्डरशॉट नावाचे गृहस्थ बसतात. बो टाय लावतात आणि कुजबुजत बोलतात. त्यांनी पेटीतली हाडं एकदा मोजली, मग पुन्हा मोजली.

"एक मांडी कमी आहे."

"हो. कुत्र्यानं नेली. मी भरून देते."

"बाई, ही खरी हाडं आहेत. कुणा भल्या माणसानं मरताना आपला देह दिला. त्याची भरपाई तुम्ही कशी करणार? स्वतःची देणार आहात का?"

"घ्या ना माझी! दोन आहेत!"

हेन्डरशॉट हसले नाहीत. "पेटी पूर्ण होईपर्यंत तुमच्या नावापुढची खूण मला काढता येणार नाही," ते कुजबुजले.

लोरेन तरातरा वरच्या मजल्यावर गुणपत्रकांच्या खिडकीशी गेली. तिथे पॅट्रिस बाई होती. ही बाई इतकी गोड बोलते की भांडायचीही सोय नाही.

"अगं, लायब्ररीची लाल खूण दिसतेय. ती त्यांनीच काढायची, आम्हाला हात लावता येत नाही."

"पण मी पास झालेय हे दिसतंय ना तुम्हाला?"

"दिसतंय की! शरीररचनेत 'ए' आहे. अभिनंदन हं!"

लोरेन दात ओठ खात गाडीत बसली. आता एकच उपाय उरला होता. शेजाऱ्याच्या अंगणात जायचं, हेक्टरने उकरलेली जागा शोधायची आणि हाड काढून आणायचं. मात्र घरी पोचून बघते तो शेजाऱ्याच्या अंगणाभोवती पोलिसांची पिवळी पट्टी.

शेजारी म्हणजे व्हर्जिल टॅकेट. जत्रेत भोपळ्याचं बक्षीस मिळवायचं, एवढ्यासाठीच हा माणूस जिवंत आहे. एकेक भोपळा वासराएवढा करतो आणि उन्हात त्याच्यावर छत्री धरतो. सकाळी वेलाला पाणी घालताना त्याला मातीतून मांडीचं हाड वर आलेलं दिसलं आणि त्याने शेरीफच्या कचेरीत फोन केला. आता दोन पोलीस उरलेला माणूस शोधायला फावड्याने वाफे खणत होते, आणि व्हर्जिल त्यांच्यामागे नाचत होता.

"एक हाड सापडलं म्हणून कळवलं, तर तुम्ही माझा अख्खा वेल उपटलात! कळवलं हीच चूक झाली माझी!"

"थांबा!" लोरेन पट्टीखालून आत घुसली. "ते हाड माझं आहे!"

त्यांतल्या एकाने, शेरीफच्या डेप्युटीने, मान वर केली. तो कोडी रिंगलर होता. त्याने लोरेनला खालपासून वरपर्यंत नीट पाहिलं. "मॅडम, तुम्ही तर दोन्ही पायांवर उभ्या आहात."

"माझं म्हणजे कॉलेजचं! आणि मॅडम काय म्हणतोस रे कोडी? तुझी आई रात्रपाळीला जायची तेव्हा तुझं नाक मी पुसलंय!"

"ड्यूटीवर आहे. डेप्युटी रिंगलर म्हणायचं." कोडीचे कान लाल झाले. "माणसाचं हाड सापडलं की ते कॉरोनरनं, म्हणजे मृत्यूची चौकशी करणाऱ्या साहेबानं, बघायचं, सही करायची, मगच ते ज्याचं त्याला मिळणार."

"मग बोलाव कॉरोनरला."

"ते मासे धरायला गेलेत. सोमवारी येतील."

"कोडी, मला आज पाचच्या आत हवंय!"

"तुम्ही म्हणता म्हणून देऊ? उद्या कुणीही येईल आणि म्हणेल हाड माझं. कॉलेजनं सांगू दे, की बुवा आमचं हाड या बाईनं नेलं होतं. मग बघू."

हे निदान शहाणपणाचं वाटलं. पण अर्धवट उकरलेला वाफा सोडून फोनही करायचा नाही, असा कोडीचा नियम. वाफा संपायला दुपार उलटली. तोवर लोरेन कुंपणाला धरून उभी. पलीकडून बर्नाडीन विचारत होत्या, "पोलिसांना लिंबू सरबत देऊ का गं?" आणि हेक्टर खणणाऱ्यांकडे कौतुकाने बघत होता. शेवटी कोडीने लायब्ररीला फोन लावला आणि सगळ्यांना ऐकू येईल असा धरला.

"लोरेन स्टोकली या बाईंनी तुमच्याकडून हाडांची पेटी नेली होती का?"

"कुणी काय नेलं हे लायब्ररी पोलिसांना सांगत नाही," हेन्डरशॉट कुजबुजले. "न्यायाधीशांचा हुकूम आणा."

इकडच्या लायब्ररीवाल्यांचा हा धर्म आहे. तुम्ही काय वाचता ते सरकारला सांगणार नाहीत, मग सरकारने डोकं आपटलं तरी बेहत्तर. एरवी लोरेननेच टाळ्या वाजवल्या असत्या. आत्ता तिने कोडीच्या हातातून फोन हिसकावला.

"हेन्डरशॉट, मी लोरेन बोलतेय! सांगून टाका त्याला!"

"बाई, खरं सांगा. तुमच्यावर दबाव आणला जातोय का?"

"हो! तुम्ही आणताय!"

"दबावाखाली दिलेली परवानगी आम्ही धरत नाही." फोन बंद झाला.

लोरेन मटकन वाफ्यातच बसली. दोन वर्षं दिवसा म्हाताऱ्यांना उचललं आणि संध्याकाळी हाडांची नावं घोकली. त्या दोन वर्षांची माती झाली होती आणि ती मातीत बसली होती. इतका वेळ राग होता तोवर बरं होतं. आता तिचे डोळे भरून आले, आणि त्याचाच तिला आणखी राग आला. "कुणीच वाईट नाही रे," ती कोडीला म्हणाली. "सगळे आपापल्या जागी बरोबर आहात तुम्ही. आणि जाणार माझं!"

कोडीने पुराव्याच्या पिशवीतलं हाड उलटसुलट करून पाहिलं. मग तो म्हणाला, "या हाडावर नंबर आहे. पेटी लायब्ररीत आहे ना? मी हाड तिथे नेतो आणि माझ्या डोळ्यांनी ताडून बघतो. कुणाला काही विचारायलाच नको."

"सायरन लाव."

"सायरन लावता येत नाही, हे तातडीचं काम नाही."

त्यानंतर पोलिसांच्या गाडीत लोरेनने त्याच्याकडे असं काही बघितलं की कोडीने सायरन लावला.

लायब्ररीत पोचले तेव्हा साडेचार होऊन गेले होते. कोडीने पारदर्शक पिशवीतलं हाड हेन्डरशॉटांच्या टेबलावर ठेवलं. हेन्डरशॉट पोलिसांशी एक अक्षर बोलले नाहीत. पण लायब्ररीची वस्तू टेबलावर आली की ती जमा करायची, ही हाताला लागलेली सवय. त्यांनी यंत्र पिशवीवरूनच चिकटपट्टीवर फिरवलं. टुक् असा आवाज झाला.

"जमा झालं!" लोरेन किंचाळली. "काढा खूण!"

"काढली. वरच्या मजल्यावर ती उद्या सकाळी दिसेल. यंत्रं रात्री एकमेकांशी बोलतात."

"उद्या?"

"नंबर जुळला," कोडी म्हणाला आणि पिशवी उचलू लागला. "चला, हे परत कचेरीत न्यायचं, सोमवारपर्यंत."

हेन्डरशॉटांनी पिशवीचं दुसरं टोक धरलं. "लायब्ररीची वस्तू कार्डाशिवाय बाहेर जात नाही."

"हा पोलिसांचा पुरावा आहे!"

"असेल. कार्ड आहे का?"

कोडीकडे कार्ड नव्हतं. तो जन्मात लायब्ररीत आला नव्हता. दोघेही पिशवी सोडेनात. कोडीच्या खांद्यावरचा वायरलेस खरखरत होता, साहेब त्याला महामार्गावर ताबडतोब बोलावत होते. पुरावा टाकून जावं तर नोकरी जाणार, आणि हेन्डरशॉटांनी हात सोडावा तर तत्त्व. शेवटी दोघांचीही नजर सावकाश लोरेनकडे वळली.

"बाई, तुमचं कार्ड अजून चालू आहे," हेन्डरशॉट म्हणाले. "तुम्ही हे तुमच्या नावावर घेतलंत, तर..."

"लोरेन, प्लीज," डेप्युटी रिंगलर म्हणाला. आता तो नुसता कोडी होता.

लोरेनने घड्याळाकडे पाहिलं. खुर्ची ओढली आणि तिच्यात मांडी घालून बसली. "घेते की. आधी माझं गुणपत्रक जाऊ द्या."

"पण ते आमच्या खात्याचं काम..." हेन्डरशॉट म्हणाले.

"मग बसा दोघं हाड धरून."

हेन्डरशॉट धावत वर गेले. त्या इमारतीत त्यांना धावताना कुणी पाहिलं नव्हतं. जिन्यावर त्यांचा मोठा आवाजही ऐकू आला, आणि तोही पहिल्यांदाच. पाचाला थोडा वेळ उरला असताना पॅट्रिस बाई स्वतः खाली आली आणि लोरेनला म्हणाली, "पाठवलं गं! तिकडून पोच पण आली. खूण मला हातानं काढता येते, हे मलाच माहीत नव्हतं!" लोरेनने तिच्या फोनवर ती पोच स्वतः दोनदा वाचली, मगच कार्ड पुढे केलं. कोडी हाड काखेत मारून धूम पळाला.

हेन्डरशॉटांनी घाम पुसला, बो टाय सरळ केला आणि पुन्हा कुजबुजायला लागले.

"हे हाड आता तुमच्या नावावर आहे, लक्षात ठेवा. सोमवारी परत आलं नाही, तर मला तुमचं गुणपत्रक अडवावं लागेल."

"कुठलं गुणपत्रक?" लोरेन म्हणाली, आणि गाडीची किल्ली शोधू लागली. मग तिला आठवलं, ती कोडीच्या गाडीतून आली होती.