परशुरामानं भात सोडला

अळनावरकडच्या परशुरामाला हुबळीच्या मेधा डॉक्टरणीनं बजावलं, "अण्णा, शुगर काठावर आलीया. आत्ताच खाणं बदला, म्हंजे गोळी लागणार न्हाई. भात कमी करा, गोड सोडा. तीन महिन्यांनी परत रक्त तपासू."

गोळीला परशुराम लई भ्यायचा. (माजलेला बैल शिंगाला धरून थांबवणारा गडी, पण गोळी गिळायची म्हटली की डोळ्यांत पाणी!)

घरी येऊन उंबऱ्यातच बायकोवर गरजला, "हिरा, आजपास्नं भात शिजला तर डेचकी गटारात टाकीन!"

"अवो, त्या कमी करा म्हणाल्या की."

"कमी काय? अर्धं काम करणारा माणूस न्हवं मी!"

हिराबाई बिचारी दोन्ही वक्ताला जोंधळ्याच्या भाकरी बडवू लागली. एका लग्नात वाढप्यानं चुकून भात वाढला, तर परशुराम पंगतीतनं उठून त्याच्या अंगावर धावला. "मन घट्ट पायजे," असं गावभर सांगत सुटला.

पर सांज झाली की पोट बोंबलायचं. मग स्टँडवर महेशच्या गाड्याकडं. तिथं चिंचगुळात कालवलेलं चिरमुरं, वर कांदा, डाळीचं पीठ. गिरमीट!

"हलकं खाणं हाय. वाऱ्यानं उडतंय, त्यानं काय शुगर वाढतीया?" असं म्हणत रोज दुसरी प्लेट मागायचा.

तीन महिन्यांनी रिपोर्ट आला. शुगर काठ ओलांडून पार पुढं गेलेली.

परशुरामानं डॉक्टरणीच्या टेबलावर मूठ आपटली. "तुमचं मशीन खोटं! भाताच्या शिताला शिवलो न्हाई मी!"

"सांजंला काय खाता, अण्णा?"

"काय न्हाई. गिरमीट."

"चिरमुरे कशाचे करतात?"

परशुरामाचा जबडा उघडाच राहिला. गड्यानं जन्मभर भातच पिकवला, आणि दर सुगीला चिरमुऱ्याच्या भट्टीवर पोती सोताच्या पाठीवरनं टाकली!

संगं आलेली हिराबाई पदरात तोंड घालून हसायला लागली. तसा तिच्यावर असा खेकसला की भाईरचं पेशंट उठून उभं ऱ्हायलं. डॉक्टरणीनं गुपचूप त्याच्या दंडाला पट्टा बांधला. बघितलं. जरा थांबून परत बघितलं.

"गोळी सुरू, अण्णा. आणि बीपी बी चढलंय. आता मीठ पण कमी."

दुसऱ्या दिवशी ताटात अळणी आमटी आली. एक भुरका मारला आणि परशुरामाच्या मिशा थरथरल्या. ताट ढकलून त्यानं तोंड उघडलं.

हिराबाई भाकरी थापतच म्हणाली, "वरडा की. बीपी चढू दे. म्हंजे पुढच्या खेपंला तिखट बी बंद करत्यात."

परशुरामानं ताट परत ओढलं आणि बारीक आवाजात म्हणाला, "आमटी झ्याक झालीया ग."