काढून ठेवलेलं जॅकेट

"सायकलवर सामान न्यायला मोठी बॅग लागत नाही, मोठं डोकं लागतं!"

हे वाक्य ग्रॅमराव ज्याला त्याला ऐकवत. त्यांचं चष्म्याचं दुकान होतं. गिऱ्हाईक बिचारं एक डोळा झाकून समोरच्या पाटीवरची अक्षरं लावत बसलेलं असायचं, आणि मागून हे व्याख्यान सुरू व्हायचं. ग्रॅमराव हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. बायको एकदा वैतागून तसं म्हणाली, शेजारणीनं ते ऐकलं, आणि झालं! गल्लीभर तेच नाव.

पण नाव शोभत होतं. लांबच्या डोंगरी रस्त्यावर सायकल हाणायची तर अंगावर एक ग्रॅमसुद्धा फुकटचा नको, यावर त्यांची देवावर असावी तशी श्रद्धा. त्यापायी दात घासायच्या ब्रशचा दांडा अर्ध्यातून कापलेला, टॉवेलऐवजी हातरुमाल, आणि जर्सीच्या मानेला टोचणारी ती कापडी पट्टीसुद्धा वजन नको म्हणून उसवलेली! स्वतःही असे काटकुळे, की दाराआड उभे राहिले तर छत्री समजून कुणी उचलून न्यावं.

मेहुणा नेमका उलट. त्याची बेकरी होती आणि माणूस भट्टीसारखाच, रुंद आणि उबदार. कोपऱ्यावर दाढी करायला निघाला तरी पिशवीत खाऊ, पाणी आणि छत्री. कुणी हसलं तर म्हणायचा, "असू दे. लागलं तर?"

असे हे दोघं मिळून मोठा घाट ओलांडणार होते. घाटरस्ता त्या आठवड्यात मोटारींना बंद होता, फक्त सायकलवाल्यांसाठी मोकळा. ग्रॅमराव या संधीची किती वर्षं वाट बघत होते! पलीकडे उतरल्यावर एका गेस्ट हाउसमध्ये मुक्काम. बायको पोहण्याच्या तलावावर शिकवायची. तिनं सुट्टी काढली होती आणि ती डोंगराखालच्या बोगद्यातून गाडी घेऊन पलीकडे थांबणार होती.

"माझ्या भावाला धडधाकट खाली आणा," तिनं बजावलं. "आणि जमलंच तर स्वतःही या."

आदल्या दिवशी संध्याकाळी सामानाची तपासणी झाली. जेवणाच्या टेबलावर स्वयंपाकघरातला वजनकाटा, त्याच्यामागे न्यायाधीशासारखे ग्रॅमराव आणि पुढ्यात आरोपी मेहुणा.

"हे काय?"

"पंप."

"आणि हे?"

"तोही पंप. लागला तर?"

"अरे, तुला काय हत्ती फुगवायचाय? एक ठेव! आणि हे कपड्यांचे चिमटे?"

"घाम येतो भाऊजी. मोजे वाळत घालायला नकोत?"

"सायकलवर?"

चिमटे गेले, थर्मास गेला, हातभर लांबीचा पाव गेला. (तो वजनात बसत नव्हता म्हणून दोघांनी तिथंच खाऊन टाकला.) शेवटी बॅगेच्या तळातून दोन जॅकेटं निघाली. एक पातळ, एक जाड.

"दोन जॅकेटं?" ग्रॅमरावांचा आवाज टिपेला पोचला. "माणूस एक, छाती एक, जॅकेटं दोन?"

"वर गार असतं म्हणे. चढताना घाम आणि उतरताना कुडकुड."

"अरे, मला सांगतोस? नियम साधा आहे. एका कामाला एकच वस्तू!"

मेहुणा खाली मान घालून स्वयंपाकघरात गेला. दुखावला की त्याला भूक लागायची. इकडे ग्रॅमरावांच्या मोठ्या डोक्यात प्रकाश पडला. माणसं दोन. याच्या बॅगेत जॅकेटं दोन. मग आपण आपलं तिसरं कशाला न्यायचं? वर पोचल्यावर याचंच एक घालू! त्यांनी मेहुण्याची दोन्ही जॅकेटं गुपचूप त्याच्या बॅगेत परत सारली, स्वतःचं आपल्या बॅगेतून उपसलं आणि दिवाणखान्यातल्या खुर्चीवर टाकलं. मेहुण्याला मात्र ताकास तूर लागू दिली नाही. त्याची वस्तू वापरायची आणि वर त्यालाच ओरडायचं, हे जरा अडचणीचं होतं ना!

सकाळी दोघं दारात सायकली घेऊन उभे राहिले. मेहुणा रात्रभर मनाला लावून घेऊन बसला होता. भाऊजी एवढे जाणकार, आपण मात्र अडाण्यासारखे गाठोडी बांधतो. त्यानं भीत भीत विचारलं,

"भाऊजी, जॅकेटाचं काय?"

"काढून ठेवलंय!" ग्रॅमराव ऐटीत म्हणाले.

आता आपल्या भाषेचा घोटाळा बघा. ग्रॅमरावांना म्हणायचं होतं, बॅगेतून काढून घरी ठेवलंय. मेहुण्याला समजलं, कपाटातून काढून बरोबर घ्यायला ठेवलंय! म्हणजे भाऊजींनी दोघांचीही सोय केली! केवढा मनाचा मोठेपणा! तो हळूच आत गेला, आपली दोन्ही जॅकेटं काढली आणि खाली काय आहे ते न बघताच त्याच खुर्चीवर टाकून आला. परत आला तेव्हा चेहऱ्यावर असं समाधान, की ग्रॅमरावांनी त्याची पाठ थोपटली.

"हलका दिसतोयस आज!"

"तुमचीच कृपा, भाऊजी."

चढ मोठा सुंदर होता. वळणामागून वळण, खाली खेळण्यासारखी घरं, आणि ऊन असं की दोघांच्या कपाळावरून धारा. ग्रॅमराव पुढे टिटवीसारखे तुरतुरत होते आणि मेहुणा मागून मालगाडीसारखा शांतपणे येत होता. मध्ये मध्ये ग्रॅमराव थांबायचे, मागे बघायचे आणि ओरडायचे, "बघ! ते दोन पंप असते तर?" मेहुणा घाम पुसून पुढचं पेडल मारायचा.

माथ्यावर पोचले आणि ऊन गेलं. कुणीतरी बटण बंद करावं तसं. ढग थेट रस्त्यावर उतरले, वारा सुटला आणि बारीक बर्फ गालावर टोचायला लागलं. घामानं भिजलेली जर्सी क्षणात गारठली. पुढे नुसता उतार, मैलोन् मैल.

"चल," ग्रॅमराव दात वाजवत म्हणाले, "काढ जॅकेटं."

"काढा ना भाऊजी."

"मी कुठून काढू? तुझ्या बॅगेत आहेत!"

"माझ्या? तुम्हीच तर म्हणालात, काढून ठेवलंय!"

"अरे, काढून ठेवलंय म्हणजे काढून ठेवलंय! घरी!"

"घरी? घरी कुणी काढून ठेवतं का?"

"मग तुझी दोन?"

"ती मी... काढून ठेवली."

दोघांनी एकमेकांकडे बघितलं. वारा शिट्टी वाजवत मधून निघून गेला.

मेहुण्याचं फारसं बिघडलं नव्हतं. त्याला देवानं आतूनच अस्तर लावून पाठवलं होतं. ग्रॅमरावांची अवस्था मात्र वाईट होती. ओठ निळे, बोटं लाकडासारखी. ब्रेक दाबून बघितला तर हात मिटेचना! अशा हातांनी तो उतार उतरणं म्हणजे शुद्ध आत्महत्या. तेव्हा मेहुण्यानं एक शब्दही टोमणा मारला नाही. त्यानं भाऊजींचे दोन्ही हात आपल्या काखेत धरले आणि त्यांना तसंच उलटं चालवत माथ्यावरच्या लाकडी कॉफीघरात नेलं. लांबून बघणाऱ्याला वाटलं असतं, दोघं नाचताहेत.

कॉफीघराची मालकीण एक ठेंगणी, ठसठशीत बाई होती. तिनं ग्रॅमरावांना एकदा खालपासून वरपर्यंत न्याहाळलं.

"जॅकेट?"

"घरी आहे, मावशी," मेहुणा म्हणाला.

"शाबास!" मावशी म्हणाल्या आणि कॉफी ठेवली.

दोन कप पोटात गेल्यावर ग्रॅमरावांच्या ओठांचा रंग परतला. मग मावशींनी मेहुण्याच्या जर्सीत पुढून-मागून जुनी वर्तमानपत्रं कोंबली आणि कचऱ्याच्या मोठ्या पिशवीला तीन भोकं पाडून ती वरून घातली. ग्रॅमरावांकडे बघून त्या मात्र थोडा वेळ विचारात पडल्या. मग सुस्कारा सोडून त्यांनी स्वतःच्या अंगातला गाऊन उतरवला. गुलाबी, फुलाफुलांचा, आत कापूस भरलेला, घोट्यापर्यंत लांब!

"मावशी, हे... हे वजनाला फार..."

"घाला!"

त्यांनी घातला. वरून कानाला मावशींचाच स्कार्फ, आणि त्यावर हेल्मेट.

"माझा हा एकच आहे हं," मावशी शालीत गुरफटत म्हणाल्या. "उद्या आणून द्या. पहाटेला इथं पाणी गोठतं."

उतार सुरू झाला. गाऊनमध्ये वारा भरला आणि ग्रॅमराव फुग्यासारखे फुगले. ऊब मात्र अशी, की आईची कूस आठवावी! पाठीमागून कॉलेजची दोन पोरं भरधाव गेली आणि जाताना ओरडली, "आजी, मानलं तुम्हाला!" पुढच्या वळणावर रस्त्याची डागडुजी करणाऱ्या कामगारांनी फावडी खाली ठेवली आणि टाळ्या वाजवल्या. "सावकाश आजी! घाई नाही!" ग्रॅमरावांनी तोंडातून अवाक्षर काढलं नाही. आजी म्हणून खाली पोचणं एक वेळ बरं. आजीला मिशा आहेत हे कळलेलं वाईट! तेवढ्यात गाऊनची कड साखळीत अडकली. मेहुण्यानं कचऱ्याची पिशवी सळसळवत येऊन ती सोडवली, तोवर गुलाबी फुलांवर काळं वंगण फासलं गेलं होतं.

गेस्ट हाउसच्या पायरीवर बायको उभी होती. तिच्या हातावर तीन जॅकेटं, नीट घडी करून! निघताना तिला ती खुर्चीवर दिसली होती. आधी तिला वाटलं, कुणी म्हातारी येतेय. ती सरकून वाट द्यायला लागली. मग म्हातारीनं हेल्मेट काढलं.

तिनं जॅकेटं पायरीवर ठेवली. मग भावाकडे वळून म्हणाली, "तुला लागलं नाही ना कुठं?"

"नाही ताई. ऊब आहे पेपरात."

"मग आता मी हसते," ती म्हणाली, आणि पायरीवर बसून हसली.

संध्याकाळी तिनं तो गाऊन घासून धुतला. डाग गेला, पण आतला कापूस काही पुरता वाळला नाही. सकाळी तो उचलला तर ओल्या गादीसारखा! गाडी वर जाऊ शकत नव्हती. मेहुण्याची मांडी धरली होती, निदान तो तसं म्हणत होता आणि म्हणताना लोणी लावलेला टोस्ट खात होता. जायचं ग्रॅमरावांनाच होतं.

त्यांनी गाऊनची वळकटी करून पाठीला बांधली. बायकोनं जॅकेट पुढं केलं.

"हे घ्या."

"कशाला? पाठीवर एवढा जाड गाऊन आहे! थंडी वाजली तर तोच घालीन. एका कामाला एकच वस्तू!"

बायको काहीतरी बोलणार होती. पण पोहायला शिकवून शिकवून तिला एक कळलं होतं, काही माणसांना पाण्यात पडल्याशिवाय पटत नाही. तिनं जॅकेट परत हातावर टाकलं.

त्या वजनानं चढ दुप्पट लांब झाला. ग्रॅमराव धापा टाकत माथ्यावर पोचले तेव्हा मावशी दारातच उभ्या होत्या, शालीत, नाक लाल झालेलं. गाऊन बघून त्यांचा चेहरा उजळला. तो त्यांनी आधी शेगडीपुढे खडखडीत वाळवला, मग अंगात घातला आणि वरपासून खालपर्यंत सगळी बटणं लावली.

"धुतलात पण? गुणाचे आहात हो!"

ग्रॅमरावांना बरं वाटलं. दिलेला शब्द पाळला की माणसाला कसं हलकं वाटतं! त्यांनी कॉफी घेतली, आभार मानले आणि बाहेर पाऊल टाकलं. ढग रस्त्यावर उतरत होते. पहिला बर्फाचा कण त्यांच्या नाकाच्या शेंड्यावर बसला.

ते तिथंच उभे राहिले. मग सावकाश वळले. दारातून मावशी त्यांच्याकडे बघत होत्या. जर्सीकडे, उघड्या हातांकडे, मोकळ्या पाठीकडे.

"जॅकेट?"

ग्रॅमराव आपल्या बुटांकडे बघू लागले.

मावशींनी सुस्कारा सोडला आणि वरचं बटण काढायला घेतलं.

"बरं," त्या म्हणाल्या, "उद्या येताच आहात, तर येताना पाच किलो साखर घेऊन या."