लिमये काकांचा चंद्रोदय

आमच्या कर्वेनगरच्या सोसायटीत चंद्र पंचांगाप्रमाणे उगवत नाही, लिमये काकांप्रमाणे उगवतो. दर संकष्टीला संध्याकाळी ग्रुपवर त्यांचा निरोप येतो: ‘कॅलेंडरमधली वेळ क्षितिजाची आहे. आपल्याकडे क्षितिज नाही, समोर बिल्डर आहे. चंद्र उशिरा दिसेल.’ आणि खाली मिनिटापर्यंत वेळ!

काका हवामानखात्यातून निवृत्त झालेत. शाळेतल्या कोनमापकाला ओळंबा बांधून त्यांनी एक यंत्र केलंय. समोरच्या अर्धवट इमारतीवर नवा स्लॅब पडला, की ते यंत्र घेऊन काका गच्चीवर. “अंदाज वेगळा, मोजमाप वेगळं,” हे त्यांचं पालुपद. हवामानखात्यात जन्म काढलेल्या माणसानं हे म्हणावं, याला आम्ही हसतो. अर्थात मागे. समोर हसायची कोणाची छाती नाही.

देवावर विश्वास शून्य. मी एकदा विचारलं, “काका, तुम्ही उपास करत नाही, मग हा खटाटोप कशाला?”

“तुमची श्रद्धा खोटी असेल, निदान वेळ तरी खरी असू दे.”

आता माझं सांगतो. मी हिंजवडीत सॉफ्टवेअरमध्ये. ऑफिसात मी कट्टर विज्ञाननिष्ठ, डेटाशिवाय तोंड उघडत नाही. आणि गेलं अप्रेझल बोंबललं तेव्हापासून गुपचूप संकष्टी धरतो. कँटीनमध्ये कोणी विचारलं, तर ‘इंटरमिटंट फास्टिंग’ म्हणतो. साबुदाणा वडे खाऊन हे कसलं फास्टिंग, असं सुदैवानं अजून कोणी विचारलेलं नाही. त्यानं वजन वाढलं, पगार होता तिथेच आहे.

तर परवाच्या श्रावणातल्या संकष्टीला काकांनी दिलेली वेळ चक्क कॅलेंडरच्याही आधीची होती. मी मोबाईलवर आकाशाचं ॲप उघडलं. त्या वेळी चंद्र क्षितिजाखाली. मला काय आनंद झाला म्हणून सांगू! जाणत्या माणसाची चूक सापडणं हे आम्हा पुणेकरांचं पक्वान्न, आणि मी तर सकाळपासून उपाशी. मोबाईल परजत गच्चीवर धावलो.

आभाळ गच्च भरलेलं. काकांच्या पत्नी सुधाकाकू हातात पळी घेऊन अर्घ्य देत होत्या. समोर बांधकामाच्या क्रेनवर लावलेला पिवळा दिवा होता, त्याला! काकूंना मोतीबिंदू आहे. शेजारी काका शांतपणे सांगत होते, “ढगाआडून आहे ना, म्हणून पिवळट दिसतोय.”

“अहो काका, तो तर—”

काकांनी माझं मनगट धरलं आणि मला पाण्याच्या टाकीमागे ओढलं.

“गप्प बस,” ते कुजबुजले. “तिला शुगर आहे. डॉक्टरांनी उपास बंद करायला सांगितलाय. ऐकत नाही. मी चंद्र दिसला म्हटल्याशिवाय घास घेत नाही. गेल्या संकष्टीला स्वयंपाकघरात चक्कर येऊन पडली. आणि मी कुठे होतो? इथे. मिनिटं मोजत होतो. देव नाही हे मला तिला आयुष्यभर पटवता आलं नाही रे. चंद्र तेवढा लवकर काढता येतो.”

मी ॲप बंद केलं.

“कोण, तू आहेस होय?” काकूंनी हाक मारली. “बरं झालं आलास. ह्यांच्या डोळ्यांचा हल्ली भरवसा वाटत नाही. तूच सांग, दिसला का?”

पुढच्या आठवड्यात अप्रेझल होतं. बाप्पाच्या उपासात खोटं बोलायचं म्हणजे ते गेलंच. पण काकूंचा पळी धरलेला हात कापत होता.

“दिसला की काकू. चांगला मोठा दिसतोय.”

“मग चल, आमच्याकडेच जेव.”

खाली त्यांनी तिघांची पानं वाढली. विज्ञानाप्रमाणे चंद्र उगवायच्या आधीच मी दोनदा भात घेतला. काका मात्र खुर्चीच्या पाठीला धरून उभेच होते. काकूंनी वरणभाताचा पहिला घास गिळला, तेव्हा ते बसले.